अफूच्या कुळाचं एकच चित्र काढायचंय, पण ही मंडळी एकमेकांसारखी दिसतच नाहीत!

रेघोट्या:

नमस्कार मंडळी. मी वनस्पतींची चित्रं काढते, जलरंगात. सध्या एका कागदावर एक कूळ अशी मालिका चालू आहे. सूर्यफुलाचं कूळ सरळ निघालं, भोपळ्याचंही. आता पॅपॅव्हरेसी, म्हणजे अफूचं कूळ हातात घेतलंय आणि गाडी अडली आहे.

कागदासाठी निवडलेली झाडं अशी: अफू (जिचं बी म्हणजे खसखस), शेतात उगवणारी लाल कॉर्न पॉपी, पिवळा धोत्रा, कॅलिफोर्निया पॉपी, ब्लीडिंग हार्ट आणि मॅक्लिया. कच्ची रेखाटनं शेजारी शेजारी मांडली तर काहीच जुळेना. कॉर्न पॉपीला चार पाकळ्या, धोत्र्याला सहा, ब्लीडिंग हार्टला लोंबता बदाम, आणि मॅक्लियाला पाकळ्याच नाहीत, नुसता केसरांचा झुबका. बघणारा म्हणेल, बाईंनी हाताला लागली ती फुलं एका कागदावर चिकटवलीत.

त्यात भर म्हणजे माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात ब्लीडिंग हार्ट आणि पित्तपापडा फ्युमारिएसी नावाच्या निराळ्याच कुळात आहेत. नव्या याद्यांत मात्र ते पॅपॅव्हरेसीत.

मला फांद्याफांद्यांचा वंशवृक्ष काढायचा नाही. डोळ्यांना दिसेल असं काही हवंय. या सगळ्यांचं नातं दाखवायला नेमकं काय काढू? आणि दुसरं, कापलेल्या देठावर चिकाचा थेंब काढायचा विचार आहे. सगळ्यांचा चीक पांढराच असतो का?

आडवाफाटा:

जुनं पुस्तक वापरा आणि मोकळ्या व्हा. मी रानोमाळ हिंडून झाडं ओळखणारा माणूस आहे. माझ्या हातात भिंग असतं, प्रयोगशाळा नसते. पित्तपापड्याचं इवलंसं नळीदार फूल आणि पॉपीची वाटी एका कुळात घालून माझ्यासारख्याचा काय फायदा झाला ते अजून कोणी सांगितलेलं नाही. दर काही वर्षांनी कोणीतरी दोन कुळं एकत्र करतं नाहीतर एकाची तीन करतं, आणि आम्ही पेन्सिलीनं नावं खोडत बसायचं.

चित्रापुरतं बोलायचं तर वाटीसारखी फुलं, भरपूर पुंकेसर, रंगीत चीक. एवढं घ्या, ब्लीडिंग हार्ट गाळा.

बोंडअळी:

रेघोट्याताई, गाळू नका. तुमची अडचण उमललेली फुलं समोर घेऊन बसण्यात आहे. या कुळाची खूण फूल उमलण्याआधी असते आणि उमलता उमलता गळून पडते. मी कॉलेजात हे कूळ शिकवायचो तेव्हा टेबलावर उमललेलं फूल ठेवायचोच नाही. फक्त कळ्या, चिमटा आणि भिंग. मुलं कुरकुरायची. सुंदर फूल असताना कळ्या कसल्या फोडायच्या, म्हणायची.

कॉर्न पॉपीची कळी घ्या. मान खाली घालून असते, देठ आकड्यासारखा वळलेला, अंगावर राठ केस. उमलायची वेळ आली की देठ सरळ होतो. कळीवर बाहेरून दोनच निदलं (कळी झाकणारी पानांसारखी आवरणं) असतात. ती बुडापासून सुटतात आणि पडतात. आतल्या पाकळ्या सुटकेसमध्ये कोंबलेल्या ओढणीसारख्या चुरगळलेल्या निघतात, कारण निदलांच्या आत जागा वाढत नाही आणि पाकळ्या मात्र वाढतच असतात. बाहेर आल्यावर पेशींत पाणी भरतं आणि त्या ताणल्या जातात. तरी सुरकुत्यांची खूण राहते, ती जरूर काढा. आता तुमचं उमललेल्या पॉपीचं रेखाटन बघा. फुलाच्या खाली हिरवं काहीच नसेल. जास्वंदीखाली असतं, गुलाबाखाली असतं, इथे नसतं. तुम्ही जे पाहिलं ते बरोबरच काढलंत, फक्त जे पडून गेलं ते कागदावर आलं नाही.

आता पिवळा धोत्रा, आर्जेमोने मेक्सिकाना. (खऱ्या धोतऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, तो वांग्याच्या कुळातला.) याची कळी काटेरी, निदलं बहुधा तीन, प्रत्येकाच्या टोकाजवळ एक शिंग. पाकळ्या सहा. तुम्हाला चार आणि सहा यांचा मेळ लागत नाहीये, पण तो कळीतच आहे. पाकळ्यांची दोन मंडलं, म्हणजे गोल रांगा, आणि एकेका मंडलात निदलांइतक्या पाकळ्या. दोन निदलं तर चार पाकळ्या, तीन निदलं तर सहा. पॉपीच्या कळीशेजारी धोत्र्याची कळी आडवी कापून काढलीत तर न सांगता हिशोब दिसेल. कॅलिफोर्निया पॉपीत तीच दोन निदलं कडांनी जुळून एक टोकदार टोपी बनते. पाकळ्या वाढल्या की टोपी अख्खी वर ढकलली जाते आणि उडते. फुलाखाली एक पसरट, बऱ्याचदा गुलाबीसर कडा उरते. टोपी जिथे बसलेली होती ती जागा.

मॅक्लिया तुम्हाला सगळ्यात परकी वाटते. माझ्या मते तुमच्या कागदाचा मध्य तीच आहे. तिच्या लांब तुऱ्यातली एक न उमललेली कळी घ्या. दोन निदलं, मळकट पांढरी, एकमेकांना मिटून. उमलताना दोन्ही पडतात आणि मागे पुंकेसरांचा झुबका राहतो, जो तुम्ही काढलाय. पाकळ्या नाहीत, पण पाकळ्यांची जागा रिकामी नाही. कळी अगदी कोवळी असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर जिथे पाकळीचा उंचवटा यायला हवा, तिथे पुंकेसराचा उंचवटा आलेला असतो. पत्ता पाकळीचा, राहायला पुंकेसर.

आणि याच्या बरोबर उलट प्रकार याच कुळात आहे. सँग्विनारिया कॅनडेन्सिस, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांतली ब्लडरूट. तिलाही दोनच निदलं, पण पाकळ्या आठ किंवा त्याहून जास्त. पहिल्या चार नेहमीच्या हिशोबातल्या. पुढच्या चार पुंकेसरांच्या जागी उगवलेल्या. पहिल्या चार थोड्या मोठ्या असल्यामुळे फूल वरून पाहिलं तर किंचित चौकोनी दिसतं. एका झाडानं पाकळ्यांच्या जागा पुंकेसरांना दिल्या, दुसऱ्यानं पुंकेसरांच्या जागा पाकळ्यांना. तुमच्या यादीत ब्लडरूट नाही. घ्याच. मॅक्लियाच्या शेजारी.

राहिला तुमचा लोंबता बदाम. लॅम्प्रोकॅप्नॉस स्पेक्टाबिलिस, पूर्व आशियातला. रॉबर्ट फॉर्च्यून या झाडं गोळा करणाऱ्या माणसानं १८४० च्या दशकात चीनमधून इंग्लंडला पाठवला आणि तिथून बागाबागांत पसरला. याच्या कळीच्या बुडाशी भिंगातून बघा. दोन इवलीशी, खवल्यांसारखी निदलं. लवकर झडतात. मग बाहेरच्या दोन पाकळ्या, बुडाशी फुगलेल्या, यांचाच बदाम होतो. त्यांच्या आत दोन पांढऱ्या पाकळ्या, टोकाशी एकमेकींना चिकटून परागकोश आणि कुक्षी झाकणाऱ्या. दोन निदलं, दोन पाकळ्या, पुन्हा दोन पाकळ्या. कॉर्न पॉपीचाच आराखडा, मांडणी वेगळी. पुंकेसर मात्र ढीगभर नाहीत, सहाच, तीन-तीनच्या दोन जुड्यांत.

कॉरिडॅलिस आणि पित्तपापडा (फ्युमारिया) एक पाऊल पुढे. बाहेरच्या दोन पाकळ्यांपैकी एकीलाच मकरंदाची पिशवी किंवा नळी. ही पाकळी खरं तर फुलाच्या कुशीची, बाजूची. पण उमलण्याआधी फूल पाव वळसा घेतं आणि बाजूची नळी वर येते. आडवाफाटा, तुम्ही भिंगातून जे बघता ते वळलेलं फूल असतं. कळीपासून पाहा म्हणजे वळण दिसेल.

मधला दुवा हवा असेल तर हायपेकोअम. भूमध्य समुद्राच्या काठापासून मध्य आशियापर्यंत कोरड्या जागी उगवणारं लहानसं पिवळं फूल. दोन निदलं, बाहेरच्या दोन पाकळ्या साध्या, आतल्या दोन तीन-तीन खंडांच्या. आतल्या पाकळीचा मधला खंड परागकण आपल्या कवेत धरून ठेवतो. पुंकेसर चारच. यात नळी नाही, वाटीही नाही. जुन्या वर्गीकरणकारांना याचं काय करावं कळेना. कोणी इकडे घातलं, कोणी तिकडे, कोणी त्याचं तिसरंच कूळ केलं. ज्याला कुठेच नीट बसवता येत नाही, ते बहुतेक वेळा सांगत असतं की भिंत चुकीच्या जागी बांधली आहे.

खलबत्ता:

बोंडअळीसरांचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. मी औषधनिर्माणशास्त्रातला, म्हणून चिकाच्या प्रश्नापुरतं बोलतो.

पांढराच नसतो. अफूचा पांढरा, हवेत सुकून तपकिरी होतो. पिवळ्या धोत्र्याचा नावाप्रमाणे पिवळा. चेलिडोनियम मेजस, युरोपातल्या भिंतीकडेला उगवणारी पिवळ्या फुलांची सेलंडाइन, तिचा झगझगीत नारिंगी. लोक चामखिळीवर लावायचे. मॅक्लियाचा पिवळट नारिंगी. ब्लडरूटचा जमिनीतला कंद मोडला तर रक्तासारखा लालसर नारिंगी. ब्लीडिंग हार्ट, कॉरिडॅलिस, पित्तपापडा यांचा रस पाण्यासारखा, तिथे थेंब काढायचाच तर बिनरंगाचा काढा.

हे पिवळे-लाल रंग म्हणजे शोभेचे रंग नव्हेत, ती अल्कलॉइडं, म्हणजे झाडांत तयार होणारी तीव्र परिणामाची रसायनं आहेत. सँग्विनारिन, चेलेरिथ्रिन, बर्बेरिन अशी. बर्बेरिन दारुहळदीतही असतं, आणि दारुहळदीचं कूळ याच गणात (कुळांच्या मोठ्या गटात), शेजारी बसतं. कच्चा माल सगळ्यांचा एकच, टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल. त्यापासून काही पायऱ्यांनी रेटिक्युलिन तयार होतं आणि तिथे रस्ता फुटतो. एका वाटेनं गेलात तर बर्बेरिन आणि सँग्विनारिन. दुसऱ्या वाटेनं थिबेन, कोडीन, मॉर्फिन. ही दुसरी वाट शेवटपर्यंत चालणारी झाडं अगदी मोजकी, मुख्य म्हणजे आपली अफू, पापाव्हर सोम्निफेरम. मॉर्फिन १८०५ च्या सुमारास फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्याच्या मदतनिसानं अफूतून वेगळं केलं. वनस्पतीतून शुद्ध रूपात काढलेलं हे पहिलं अल्कलॉइड मानलं जातं. त्यामुळे लोकांना वाटतं, या कुळातलं कुठलंही झाड म्हणजे अफू. तसं नाही. कॉर्न पॉपीत मॉर्फिन नसतं. पिवळ्या धोत्र्यातही नसतं.

आडवाफाटांना एक पुरावा देतो. प्रोटोपिन नावाचं अल्कलॉइड या कुळात जवळजवळ सगळीकडे सापडतं. पॉपीकडे आहे, धोत्र्यात आहे, चेलिडोनियममध्ये आहे, आणि पित्तपापड्यात तर ते मुख्य. चीक पाण्यासारखा असला तरी आतला कारखाना तोच. भिंगाला दिसत नाही हे कबूल.

धोत्र्याचं बी काढताना एक लक्षात असू द्या. ते मोहरीसारखं दिसतं, काळपट, गोल. हे साम्य जीवघेणं आहे. धोत्र्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की त्यातल्या सँग्विनारिनमुळे केशवाहिन्या झिरपू लागतात, पायांवर सूज येते, हृदयावर ताण येतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो. एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात याला. १९९८ साली दिल्लीत मोठी साथ आली होती, साठहून जास्त माणसं गेली. तपासणीची जुनी पद्धत म्हणजे तेलात तीव्र नायट्रिक आम्ल घालायचं. धोत्र्याचं तेल असेल तर नारिंगी-लालसर रंग येतो. (घरी करू नका, आम्ल अंगावर उडतं.) भिंगाखाली मात्र बी वेगळं पडतं. मोहरी बरीच गुळगुळीत, धोत्र्याच्या बियांवर जाळीदार खळगे. ते खळगे तुम्ही काढलेत तर चित्र नुसतं सुंदर राहणार नाही, कामाचंही होईल.

ओलीमाती:

सर आणि खलबत्ता यांनी मेजवानी दिली, मी चटणी वाढते. बाग करते, त्यामुळे जिवंत नमुने कसे मिळवायचे एवढंच सांगेन.

कॉर्न पॉपी आणि कॅलिफोर्निया पॉपी बियांपासून सहज येतात, पण जिथे हवीत तिथेच बी टाका. सोटमूळ खोल जातं, ते दुखावलेलं त्यांना सोसत नाही. रोप उपटून दुसरीकडे लावलंत तर रुसून बसतात. कॉर्न पॉपीचं बी बारीक, मातीत गाडू नका, वरच भुरभुरा. तिचं बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि माती उकरली गेली, उजेड लागला की उठतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी नांगरलेल्या बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या जमिनीवर लाल पॉपी उगवल्या त्या अशाच. मग तीच सैनिकांच्या आठवणीची खूण झाली.

अफूच्या नादी मात्र लागू नका. बऱ्याच देशांत परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे. तिच्यासाठी वनस्पतिसंग्रहालयातला वाळलेला नमुना बघा. बोंड वाळलेलंच जास्त छान दिसतं. डोक्यावर चकती, ती म्हणजे कुक्षीच्या किरणांची थाळी, आणि तिच्या खाली गोल रांगेत छिद्रं. देठ वाऱ्यानं डोलला की बी थोडं थोडं उडतं. एकदम सांडत नाही.

फुलं सकाळी लवकर काढायला बसा. पॉपीच्या पाकळ्यांना एखाद-दोन दिवसांचं आयुष्य. फुलदाणीसाठी तोडायचीच तर कळी नुकती तडकलेली असताना तोडा आणि देठाचं टोक क्षणभर ज्योतीवर धरा, म्हणजे चीक वाहायचा थांबतो. कॅलिफोर्निया पॉपी ढगाळ दिवशी उघडतच नाही. ब्रश ओला करून तिच्यासमोर बसण्यात अर्थ नाही.

आणि हो, निळी पॉपी कोणीच कशी काढली नाही अजून? मेकोनोप्सिस! मी लावली होती. माझ्याकडे उन्हाळा आहे आणि तिला उन्हाळा नको आहे. विषय संपला.

रेघोट्या:

अरे बापरे, केवढं दिलंत सगळ्यांनी! कालच कळ्या फोडून बसले. दोन निदलं दिसली की आता हसू येतं. मॅक्लियाची कळी तर मी आधी फूल समजून मोजतच नव्हते.

मांडणी बदलतेय. वरच्या ओळीत सगळ्यांच्या कळ्या, सारख्याच आकारात मोठ्या करून. मध्ये मॅक्लिया आणि ब्लडरूट. खाली उमललेली फुलं आणि सगळ्यात खाली बोंडं. चीक छोट्या ठिपक्यांनी.

दोन शंका. एक, कॉर्न पॉपीचा लाल रंग मला जमत नाहीये. पातळ लावला तर फिका, जाड लावला तर मेलेला. पाकळी तर उजेडात आरपार दिसते, मग इतकी लाल कशी? दोन, ओलीमातीताई म्हणतात तशी निळी पॉपी घ्यायची का? की नुसता मोह आहे?

बोंडअळी:

पाकळी खूप पातळ आहे म्हणूनच तशी दिसते. पॉपीच्या पाकळीत पेशींचे थर अगदी मोजके. वरच्या आणि खालच्या कातडीच्या पेशी रंगानं गच्च भरलेल्या, त्यांच्या कडा नागमोडी, एकमेकींत अडकलेल्या. या दोन थरांच्या मध्ये बरीचशी हवा. उजेड आत शिरतो, हवेच्या पोकळ्यांवर विखुरतो आणि बाहेर पडताना पुन्हा रंगातून गाळला जातो. जाड रंग लावलात की ती मधली हवाच मारता. मी चित्रकार नाही, पण पातळ थरांवर पातळ थर आणि कागदाचा पांढरा जिवंत ठेवणं, एवढं अंदाजानं सांगेन. कॅलिफोर्निया पॉपीची गोष्ट निराळी. तिचा नारिंगी कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे गाजरातल्यासारख्या रंगद्रव्यांचा, आणि पाकळीवरच्या पेशींना लांबट धारदार उंचवटे असतात. तो रेशमी झळाळ त्यांच्यामुळे. ब्रशाचे फटकारे पाकळीच्या लांबीच्या दिशेनं गेले तर बरं.

पाकळीच्या बुडाशी काळा डाग असेल तर तो अर्धवट सोडू नका. पॉपीला मकरंद नसतो, देण्यासारखे फक्त परागकण, ते मात्र ढिगानं. युरोपात तिच्यावर मधमाश्या येतात, त्यांना लाल नीट दिसत नाही पण तिच्या पाकळ्या अतिनील किरण परावर्तित करतात, ते दिसतात. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे लाल वाटीसारख्या फुलांवर भुंगेरे येतात, ते लाल ओळखतात आणि रात्री फुलातच मुक्काम टाकतात. एखादा भुंगेरा काढायला हरकत नाही.

निळी पॉपी घ्या, पण रंगासाठी नको, कळीसाठी घ्या. तिलाही दोनच निदलं, केसाळ, आणि ती पडतात. पाकळ्या चार ते अनेक. रंगाचं रसायन मजेदार आहे खरं. तिच्यातलं रंगद्रव्य सायनिडिनच्या घराण्यातलं, जे इतर फुलांत लाल-जांभळं देतं. इथे त्याला फ्लॅव्होनॉल नावाचं दुसरं फिकं द्रव्य आणि लोह, मॅग्नेशियम यांचे आयन भेटतात आणि निळं होतं. फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिसंग्राहकानं १९२४ साली तिबेटमधून मेकोनोप्सिस बेटोनिसिफोलियाचं बी आणलं, तेव्हापासून थंड प्रदेशातल्या बागायतदारांना वेड लागलंय. हिमालयात काटेरी देठाची मेकोनोप्सिस अक्युलिआटा खडकांच्या फटींत असते. बऱ्याच जाती अनेक वर्षं नुसती पानं वाढवतात, एकदा फुलतात आणि मरतात. ओलीमातीताईंच्या झाडानं फुलण्याचीही वाट पाहिली नाही, एवढाच फरक.

मेकोनोप्सिसचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८१४ साली ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली गेली ती पश्चिम युरोपातल्या पिवळ्या वेल्श पॉपीवरून. झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावं द्यायची रीत रुजवणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये तिला पापाव्हर कॅम्ब्रिकम म्हटलं होतं, ते बदलून मेकोनोप्सिस कॅम्ब्रिका केलं. मग हिमालयातल्या निळ्या, पिवळ्या, जांभळ्या जाती एकेक करून याच नावाखाली जमा झाल्या. पुढे डीएनए पाहिला तर वेल्श पॉपी निघाली पापाव्हरच. ज्या झाडावरून घराण्याचं नाव पडलं तेच झाड घराण्याबाहेर! नियमाप्रमाणे नाव तिच्यामागून गेलं असतं आणि हिमालयातली सगळी मंडळी बिननावाची झाली असती. शेवटी हिमालयातल्याच एका जातीला, मेकोनोप्सिस रेजियाला, नमुना ठरवून नाव वाचवलं. वेल्श पॉपी लिनियसनं ठेवलेल्या नावावर परत गेली. आडवाफाटा, तुमच्या पेन्सिलीला काम.

आडवाफाटा:

खोडलं, खोडलं. हायपेकोअमवर मी हरलो, हे लिहून ठेवा. प्रोटोपिनवर नाही. जे चाखून, हुंगून, बघून कळत नाही ते रानात उपयोगाचं नाही.

तरी माझ्या ओळख-तक्त्यात पित्तपापडा वेगळ्याच पानावर राहणार. नातं कळणं आणि ओळख पटणं ही दोन कामं आहेत. सख्खे भाऊ असले तरी शोधताना मी चेहराच शोधणार ना?

बोंडअळी:

हरकत नाही. ओळख-तक्ता तसाच असावा. वर्गीकरण करणाऱ्यांनाही ही भीड होतीच. अँत्वान लोरां द झ्युस्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १७८९ मध्ये कूळ मांडलं, एकोणिसाव्या शतकात फ्युमारिएसी वेगळं झालं आणि बराच काळ वेगळंच चाललं. एपीजीच्या, म्हणजे डीएनएवर आधारलेल्या सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या, आधीच्या आवृत्त्यांत वेगळं ठेवायची मुभा होती. २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते पॅपॅव्हरेसीत मिसळलं. आज कुळात साडेसातशेहून जास्त जाती धरतात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक एकट्या कॉरिडॅलिसच्या, बहुतेक चीन आणि हिमालयातल्या. म्हणजे डोक्यांची मोजणी केली तर या कुळाचा सर्वसाधारण सदस्य नळीचं फूल घेऊन उभा आहे. लाल वाटीवाले अल्पसंख्य.

रेघोट्याताई, बोंडांच्या ओळीत हात आखडता घेऊ नका, तिथे या मंडळींनी आणखी मनमानी केली आहे. समुद्रकाठच्या पिवळ्या ग्लॉसियमची शेंग तीस सेंटिमीटरपर्यंत जाते, शिंगासारखी वाकडी. कॅलिफोर्निया पॉपीची शेंग वाळली की तडकून बी दूर फेकते. धोत्र्याचं काटेरी बोंड फक्त डोक्याशी उघडतं. चेलिडोनियम, ब्लडरूट, कॉरिडॅलिस यांच्या बियांना एक पांढरी मांसल गाठ असते, मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात. पित्तपापड्याचं फळ म्हणजे एकच बी असलेली गोळी, फुटतच नाही.

रेघोट्या:

बियांची ती गाठ पांढऱ्या कागदावर पांढरी कशी दाखवू? आणि शेंग तीस सेंटिमीटरची आणि गोळी भिंगाखालची, दोन्ही एका ओळीत कशा बसवायच्या? ग्लॉसियम दुमडून काढू का?

बोंडअळी:

दुमडू नका, तोडा. मधला भाग गाळून दोन तुकडे काढायचे आणि तुटल्याच्या जागी दोन तिरक्या रेघा मारायच्या, जुन्या ग्रंथांतल्या चित्रांत ही रीत आहेच. गाठीसाठी बियांचा गडद रंग आधी भरा, ती आपोआप उठून दिसेल. ब्लडरूटचं बी तांबूस-काळं आहे, त्याच्यावर छान दिसते.

आणि प्रत्येक आकृतीला स्वतंत्र मापाची रेघ द्या, एकच रेघ सगळ्या कागदाला चालणार नाही. पित्तपापड्याची गोळी जेमतेम दोन मिलिमीटरची. उद्या तुम्ही मोहात पडून कॅलिफोर्नियातली रोम्निया घ्याल, तिचं पांढरं फूल तळहाताएवढं तरी असतं.

ओलीमाती:

रोम्निया घ्याच! पांढऱ्या चुरगळलेल्या पाकळ्या आणि मध्ये पिवळा गोळा. आणि तिची निदलं तीन असतात, म्हणजे पाकळ्या सहा. बघा, मलाही जमायला लागलं.